साखर घरची, मग लिंबू बाजारचे का?



साखर आपल्या घरची आहे. ऊस आपण पिकवतो, कारखाना आपल्या भागभांडवलावर उभा राहतो आणि सभासदाची साखर सवलतीच्या दराने घरात येते. पाणी विहिरीचे, मीठ चार पैशांचे. पण चैत्र-वैशाखाच्या उन्हात दारी पाहुणा आला की एका लिंबासाठी पोराला दुकानाकडे पिटाळावे लागते. २०२२ सालच्या एप्रिलमध्ये तर एकेका लिंबाला दहा-दहा रुपये मोजावे लागले. ज्याच्या शेतात चाळीस-पन्नास टनांनी ऊस निघतो, त्याच्या घरात सरबताला लिंबू नाही, हे काही शोभत नाही.

बांधावर लिंबाचे झाड लावावे, हे सर्वांना माहीत आहे. ते लावावेच. पण आज आम्हाला सांगायचे आहे ते निराळे आहे. ओट्यावर, पडवीत, उजेडाच्या खिडकीशी, म्हणजे घराच्या छपराखाली, कुंडीत लिंबू लावता येते आणि ते फळतेही. आपल्या अक्कलकुवा भागात तर त्याला खास कारणे आहेत. शिवाय उसाला पाणी देणाऱ्या माणसाला ही एक कुंडी असा एक धडा शिकवते, की त्याचा उपयोग थेट फडात व्हावा. तो धडा पुढे येईलच.

घरात कशासाठी?

पहिले कारण शेळी. आपल्याकडे दारोदार शेळ्या आहेत. अंगणात लावलेले लिंबाचे रोप काटे यायच्या आधीच शेंड्यासकट जाते. काटेरी कुंपण करा, जाळी लावा, एक दिवस कोणीतरी फाटक उघडे टाकतोच. ओट्यावरच्या कुंडीवर घरच्या माणसाची नजर असते.

दुसरे कारण हवा. अक्कलकुवा सातपुड्याच्या पायथ्याशी. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारची झळ कोवळी पालवी करपवून टाकते. पावसाळ्यात उलट तऱ्हा. डोंगराला अडलेला पाऊस असा बरसतो की आठ-आठ दिवस जमिनीला वाफसा येत नाही. आणि घाट चढून डाबच्या बाजूला गेले की थंडीत दवबिंदू गोठतात. लिंबाला या तिन्ही गोष्टी मानवत नाहीत. जमिनीतले झाड उचलून बाजूला ठेवता येत नाही, कुंडी मात्र दोन माणसांनी सरकवता येते. कुंडीची खरी किंमत इथे आहे.

तिसरे कारण जागा. बाजारपेठेतली घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. नोकरीनिमित्त क्वार्टरमध्ये किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या मुलांना अंगण ठाऊकच नाही. घर बदलले तर झाड बरोबर नेता आले पाहिजे.

घरात म्हणजे अंधारात नव्हे

इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. लिंबू हे सावलीचे झाड नाही. देवघराच्या कोपऱ्यात किंवा माजघरात ठेवलेली कुंडी पाने टिकवील, पण फूल धरणार नाही. काही महिन्यांत फांद्या उजेडाच्या दिशेने लांबट, फिकट वाढतील आणि पाने गळू लागतील. रोज सहा तास तरी ऊन अंगावर हवे. पूर्वेकडचा ओटा सर्वांत उत्तम, कारण सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारची झळ टळते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो, तेव्हा दक्षिणेचे दार किंवा खिडकी साधावी. आठवड्यातून एकदा कुंडीला पाव फेरा द्यावा, म्हणजे झाड एकाच बाजूला कलणार नाही.

झाड ऋतूप्रमाणे आत-बाहेर करण्याची रीत नवी नाही. फ्रान्सच्या राजाने व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात नारंगी-लिंबांच्या झाडांसाठी एक अवाढव्य दालन बांधले. लाकडी खोक्यांत लावलेली ती झाडे हिवाळ्यात आत आणि उन्हाळ्यात बाहेर काढीत. आजही तिथे हजारावर झाडांची अशी ने-आण होते. त्यांना बर्फापासून झाड वाचवायचे होते, आपल्याला मे महिन्याची झळ आणि श्रावणातली झड चुकवायची आहे. राजाला दालन लागले, आपले काम पडवीत भागते.

रोप: बेणे पाहून लागण

लिंबू बीपासून येते. कागदी लिंबाची एक गंमत अशी, की त्याच्या एका बीतून बहुधा एकाहून अधिक अंकुर निघतात आणि त्यांतले बरेचसे थेट आईच्या वाणाचे असतात. त्यामुळे आंब्याच्या कोयीसारखी फसगत सहसा होत नाही. बी मात्र ताजे हवे. फळातून काढले, धुतले आणि लगेच लावले, असे झाले पाहिजे. उन्हात वाळवून डबीत ठेवलेले बी उगवेल याचा भरवसा नाही. बीच्या झाडाला फळ यायला चार-पाच वर्षे लागतात, काटे भरपूर असतात आणि वाढ उंच जाते.

कुंडीसाठी म्हणून गुटी कलम बरे. पावसाळ्यात चांगल्या फळत्या झाडाची पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडावी. बोटभर लांबीची साल गोल काढावी, ओले शेवाळ किंवा कुजलेले खत बांधून वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळावा. दीड-दोन महिन्यांत आतून मुळ्या दिसतात. मग फांदी खालून कापून कुंडीत लावावी. असे झाड बुटके राहते आणि दोन-तीन वर्षांत फळावर येते. पहिल्या वर्षी आलेली फळे खुडून टाकावीत. जीव लहान असताना ओझे घालू नये.

वाणांत राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘साई सरबती’ आणि ‘फुले सरबती’, परभणीच्या विद्यापीठाचे ‘विक्रम’ आणि ‘प्रमालिनी’ हे आपल्या राज्यात नावाजलेले आहेत. नागपूरला १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संशोधन संस्था आहे. विकत रोप घ्यायचे तर विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतूनच घ्यावे. रस्त्याकडेच्या गाडीवर फळ लटकलेले रोप पाहून भुलू नये.

हे बजावण्याचे कारण एका गोष्टीवरून पटेल. अमेरिकेच्या शेतकी खात्यातला फ्रँक मेयर हा माणूस नव्या वनस्पतींच्या शोधात चीनमध्ये हिंडत होता. तिथले लोक घराच्या चौकात कुंडीत एक बुटके लिंबू शोभेसाठी वाढवीत. ते त्याने १९०८ साली पेकिंगहून मायदेशी पाठवले. ‘मेयर लिंबू’ म्हणून ते घराघरांत पोचले. पुढे ध्यानात आले की त्या झाडांत ट्रिस्टेझा नावाचा विषाणू दडलेला आहे. वरून झाड टवटवीत, पण शेजारच्या संत्र्या-मोसंब्यांना मारक. अखेर विषाणूमुक्त निवड हाती लागली आणि ती १९७५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसारित केली. काणी लागलेल्या प्लॉटमधले बेणे शहाणा ऊस उत्पादक फुकट मिळाले तरी घेत नाही. लिंबाच्या कलमालाही तोच न्याय लावावा.

कुंडी आणि भर

सुरुवात दहा इंची कुंडीपासून करावी. लहान रोप एकदम मोठ्या ड्रममध्ये लावले तर मुळांच्या आवाक्याबाहेरची माती सतत ओली राहते आणि आंबते. दीड-दोन वर्षांनी चौदा इंची, त्यानंतर अठरा इंची कुंडी द्यावी. मातीची कुंडी सर्वांत चांगली, कारण तिच्या अंगातून हवा खेळते. रंगाची रिकामी बादली चालेल, पण ती स्वच्छ धुवावी आणि बुडाला पाच-सहा भोके पाडावीत. तेलाचा पत्र्याचा डबा मात्र उन्हात तव्यासारखा तापतो आणि मुळे भाजतात. तोच वापरायचा असेल तर बाहेरून ओले बारदान गुंडाळावे.

बुडाशी दगड-विटांचा थर घालण्याची पद्धत आहे. त्याने निचरा वाढतो असा समज आहे, पण तसे घडत नाही. वरची माती पुरती चिंब झाल्याशिवाय पाणी खालच्या दगडांत उतरतच नाही. थरामुळे मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवला की काम झाले.

आता माती. ज्या काळ्या कसदार मातीत आपला ऊस डोलतो, ती कुंडीत वैरीण ठरते. ओली झाली की लोण्यासारखी चिकटते, वाळली की कुंडीपासून सुटून भेगाळते, मग पाणी कडेने निघून जाते आणि मुळे कोरडी राहतात. दोन पाट्या पोयट्याची माती, एक पाटी चांगले कुजलेले शेणखत, एक पाटी जाड वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड, असे मिश्रण करावे. चुनखडीची माती टाळावी.

भर हलकी करण्यासाठी आपल्याकडे एक हुकमी जिन्नस आहे, तो म्हणजे उसाचे चिपाड. मुंबईचे डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर ड्रम आणि पिशव्यांतून भाजी-फळे काढली, ती रसवंतीवाल्यांकडून आणलेल्या चिपाडांच्या जोरावर. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’मार्फत काडी-कचऱ्यातून सुपीक माती घडवण्याचे तंत्र महाराष्ट्रभर नेले. त्यांचे ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक अनेक सभासदांच्या घरी असेल. त्याच वाटेने २००२ साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. सिमेंटच्या गच्चीवर मुंबईकरांना जे जमले, ते पाचटाच्या ढिगाशेजारी राहणाऱ्या आपल्याला अवघड नाही.

मात्र कच्चे चिपाड किंवा कच्चे पाचट मातीत मिसळू नये. ते कुजताना जमिनीतले नत्र स्वतःच ओढून घेते आणि झाड पिवळे पडते. पाचट कुजवताना आपण युरिया का टाकतो, त्याचे कारण हेच. प्रेसमडचेही तसेच. ताजे प्रेसमड तापते, मुळे जाळते. चाळण्याजोगे भुसभुशीत झालेले जुने कंपोस्ट तेवढे घ्यावे. कच्चे पाचट वापरायचेच असेल तर मातीवर आच्छादन म्हणून दोन बोटे जाड पसरावे. ओल टिकते आणि मातीचा वरचा थर तापत नाही. खोडाला ते चिकटू देऊ नये, नाहीतर साल कुजते.

पाणी नको, वाफसा हवा

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कुंडीतली दहापैकी बहुतेक लिंबे उपासाने मरत नाहीत, लाडाने मरतात. सकाळी सासूबाई तांब्याभर घालतात, दुपारी सून घालते, संध्याकाळी शाळेतून आलेला नातू घालतो. अति तेथे माती म्हणतात, इथे अति तेथे चिखल होतो.

मुळांना पाणी लागते तशीच हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये थोडे पाणी आणि थोडी हवा अशी जी अवस्था, तिलाच आपण वाफसा म्हणतो. वाफशावर पेरणी, वाफशावर कोळपणी हे आपण जाणतो. पण पाणी देताना विसरतो. सतत चिंब असलेल्या मातीत मुळांचा श्वास कोंडतो, बारीक तंतुमुळे कुजतात आणि कुजलेले मूळ पाणी उचलू शकत नाही. मग पाणी असूनही पाने मलूल होतात. घरची माणसे म्हणतात, “अहो, झाड तहानलंय!” आणि आणखी एक तांब्या ओततात. रोगावर रोगच पाजण्यातला हा प्रकार आहे.

उपाय सोपा आहे. पाच पैशांचाही खर्च नाही. मातीत बोट दोन पेरे खोल घालावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. कोरडे लागले तर द्यावे, आणि द्यायचे तेव्हा बुडाच्या भोकातून निथळेपर्यंत पोटभर द्यावे. ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. मे महिन्यात ही पाळी रोज येईल, हिवाळ्यात चार-सहा दिवसांनी, पावसाळी हवेत त्याहूनही उशिरा. वार ठरवून पाणी देऊ नये, बोटाला विचारून द्यावे. घरात पाणी घालणारे माणूस एकच असावे, हा आमचा अनुभवाचा सल्ला आहे.

कुंडीच्या काठावर पांढरा पापुद्रा दिसू लागला तर समजावे की बोअरच्या पाण्यातले क्षार साचत आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी कुंडी बाहेर न्यावी आणि भरपूर पाण्याने माती धुऊन काढावी. पावसाचे पाणी यासाठी फार चांगले.

नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर तो आपल्या ओळखीचाच पाहुणा. खोडव्यात आपण त्याला ‘केवडा’ म्हणतो. लोह आणि जस्त मातीत असते, पण चुनखडी आणि दलदल यांमुळे मुळांना मिळत नाही. आधी पाणी कमी करावे. मग लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम भिजवून थंड केलेला चुना मिसळून, गाळून, नव्या पालवीवर फवारावे. लोहासाठी फेरस सल्फेटची फवारणी त्याच प्रमाणात निराळी घ्यावी. जुनी, खालची पाने सरसकट पिवळी पडली तर मात्र नत्राची भूक समजावी. कुंडीतले खत पाण्याबरोबर वाहून जाते, म्हणून एकदम पाटीभर देण्यापेक्षा महिन्याला मूठभर कुजलेले खत द्यावे. युरियाचा हात आवरावा. नुसती लुसलुशीत पालवी फुटते आणि ती किडीला आवतण देते.

कुंडीतला हा धडा फडात न्यावा, असे सुरुवातीला म्हटले ते यासाठी. कुंडीला बुडाशी भोक असते, म्हणून चूक चार दिवसांत दिसते आणि सुधारता येते. शेताला असे भोक नसते. तिथे तीच चूक दिसायला दहा-वीस वर्षे लागतात. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूर भागात उसाला मोकाट पाणी देता देता हजारो हेक्टर जमीन क्षारपड झाली. ज्या रानात एकेकाळी ऊस मावत नव्हता, तिथे कुसळही उगवेना. तापीकाठची आणि सातपुड्याच्या पायथ्याची आपली जमीन अजून हातात आहे. ज्या सभासदाच्या बोटाला कुंडीतला वाफसा कळला, त्याने मोटार सुरू करण्याआधी सरीत एकदा तेच बोट घालून पाहावे.

बहार आपल्या हाती

लिंबाला वर्षात तीन बहार येतात. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाची जून-जुलैत आणि हस्ताची सप्टेंबर-ऑक्टोबरात. फूल ते फळ साधारण पाच-सहा महिने लागतात. म्हणजे ऐन उन्हाळ्यात मिळणारे लिंबू हे हस्त बहाराचे असते. पण हा बहार सर्वांत कमी येतो, कारण फूल धरण्यापूर्वी झाडाला पाण्याचा ताण बसावा लागतो, आणि त्याच वेळी आभाळ फाटलेले असते. उन्हाळ्यात लिंबू महाग होण्याचे मूळ इथे आहे.

बागायतदाराला पाऊस थांबवता येत नाही. कुंडीवाल्याला मात्र कुंडी छपराखाली ओढता येते! ऑगस्टच्या अखेरीस कुंडी अशा जागी आणावी की ऊन मिळेल, पण पाऊस लागणार नाही. आच्छादन काढावे आणि पाणी तोडावे. शेतातल्या झाडाला ताण बसायला महिना लागतो, कुंडी काही दिवसांतच वाळते. म्हणून कॅलेंडर न पाहता पान पाहावे. दुपारी पाने वळू लागली, सकाळीही पुरती ताठ होईनात आणि एखाद-दुसरे पान गळू लागले की ताण पुरे झाला. झाड निष्पर्ण होईपर्यंत ताणू नये, कुंडीतले झाड तेवढे सोसत नाही.

मग वरची माती खुरप्याने हलकेच मोकळी करावी, दोन मुठी कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड द्यावी. पहिले पाणी हलके, दुसरे त्याहून जास्त, तिसरे पोटभर. तीन-चार आठवड्यांत नवी पालवी आणि तिच्याबरोबर कळ्या येतात. फुलांच्या वेळी कुंडी ओट्याच्या कडेला ठेवावी, म्हणजे मधमाश्या येतात. बंद खोलीत असेल तर फांद्या हलकेच हलवाव्यात, किंवा कापसाचा बोळा एका फुलावरून दुसऱ्यावर फिरवावा. कागदी लिंबू स्वतःच्याच परागाने फळ धरते. बरीच फुले आणि मुगाएवढी फळे गळतील, त्याने घाबरू नये. झाड आपल्या कुवतीपुरतेच ठेवते. कुंडीतले उत्पन्न शेकड्यांत मोजायचे नसते. पण उन्हाळ्यात घरच्या झाडाची दोन-तीन डझन लिंबे म्हणजे काही थोडी नाहीत.

राखण

छपराखाली असण्याचा मोठा फायदा असा, की कागदी लिंबाचा मोठा वैरी जो खैऱ्या रोग, तो पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनी पसरतो. पान कोरडे राहिले की खैऱ्याचा जोर मोडतो. फळा-पानांवर खरबरीत तपकिरी ठिपके दिसलेच, तर तेवढ्या फांद्या कापून जाळाव्यात. कुंडी बाहेर नेऊन लिटरला ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड फवारावे. पाणी पानांवर न घालता मातीत घालावे.

पानावर पक्ष्याच्या शिटेसारखे काही दिसले तर निरखून पाहावे. ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी असते. पुढे ती हिरवीगार होते आणि दोन दिवसांत फांदी भादरून टाकते. हाताने वेचणे हाच उत्तम उपाय. शाळकरी मुलांना हे काम सांगावे, आनंदाने करतात. पानावर नागमोडी पांढऱ्या रेषा म्हणजे नागअळी. तेवढी पाने खुडावीत. घरातल्या झाडावर पाऊस पडत नाही, म्हणून धूळ बसते आणि पिठ्या ढेकूण, खवले कीड यांचे फावते. पंधरवड्याने पाने दोन्ही बाजूंनी पाण्याने पुसावीत. कीड दिसली तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल थोड्या साबणाच्या पाण्यात घोळून संध्याकाळी फवारावे. खालून फुटणारे सरळसोट पाणसोट कापत राहावे. उंची चार-पाच फुटांवर रोखावी. दर दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याच्या सुरुवातीला झाड काढून, गोल वेटोळे घातलेली मुळे थोडी छाटून, नवी भर द्यावी.

ताटात आणि फडात

सातपुड्यातल्या स्वयंपाकात आंबट म्हणून आमचूर वापरतात, तो चांगलाच आहे. पण ताज्या लिंबाची सर त्याला नाही. लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे डाळी, पालेभाज्या आणि नागली-बाजरीतले लोह अंगी लागायला मदत होते. आपल्या भागात बायाबापड्यांत आणि पोरांत रक्त कमी असण्याचे प्रमाण मोठे आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांना हा पर्याय नव्हे, पण रोजच्या वरणावर अर्धे लिंबू पिळणे कोणाच्याही हातात आहे. ते भांडे चुलीवरून उतरल्यावर पिळावे, कारण उकळीत हे जीवनसत्त्व नासते. पितळेच्या भांड्यात पिळू नये, पदार्थ कळकतो.

दुसरी गोष्ट तोडणीच्या माणसांची. अक्कलकुवा-अक्राणीच्या डोंगरातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातच्या आणि आपल्या राज्यातल्या कारखान्यांकडे जातात. वर्षातले पाच-सहा महिने ज्यांच्या घराला कुलूप, त्यांना कुंडी सांभाळणे शक्य नाही. त्यांनी विहिरीच्या कडेला जमिनीतच झाड लावावे हे बरे. पण मार्च-एप्रिलच्या उन्हात तीच माणसे आपल्या फडात उभी असतात. ज्या सभासदाच्या ओट्यावर लिंबू फळले आहे, त्याने टोळीसाठी घागरभर पाण्यात साखर, मीठ आणि चार लिंबे पिळून फडाच्या कडेला ठेवावी. साखरेचा पहिला गोडवा त्यांच्याच घामातून निघतो.

वर्षाचा हिशेब थोडक्यात

जून-जुलै: गुटी बांधणे, जुनी भर बदलणे, खैऱ्यावर नजर.
ऑगस्ट अखेर: कुंडी छपराखाली, पाणी बंद.
सप्टेंबर: ताण तोडणे, खत, चढते पाणी.
ऑक्टोबर-नोव्हेंबर: फुले, फळधारणा. पाण्यात खंड नको.
डिसेंबर-जानेवारी: दक्षिणेचे ऊन, पाणी कमी. डोंगरातल्या गावी रात्री कुंडी आत.
फेब्रुवारी: होळीच्या आधी पाने पुसणे, मूठभर खत, पाचटाचे आच्छादन.
मार्च ते मे: पूर्वेचा ओटा, रोज बोटाची परीक्षा, लिंबू तोडणी.

पुष्कळ घरांच्या दाराला दर शनिवारी लिंबू-मिरची बांधतात. बांधणाऱ्यांनी बांधावी, आमचे त्यावर काही म्हणणे नाही. पण दाराला टांगलेल्या लिंबापेक्षा दारात वाढलेले लिंबू घराच्या अधिक उपयोगी पडेल, एवढे मात्र आम्ही खात्रीने सांगतो. येत्या पावसाळ्यात एक गुटी बांधा. ज्या सभासद भगिनींकडे चांगले फळते झाड आहे, त्यांनी शेजारणीला एक फांदी द्यावी. सहकार कारखान्यापुरताच असतो असे थोडेच आहे!